सोल्डरिंगची बिट काळी पडते? आयर्न बंद करण्याआधी एवढं करा



एलईडी बल्ब जोडायचं काम सुरू केलं की पहिली तक्रार ठरलेली: “सर, बिट काळी पडली, सोल्डर पकडतच नाही.” मग आपण काय करतो? आयर्न दाबून धरतो. त्यात पीसीबीचा ट्रॅक उखडतो, नाहीतर ड्राय सोल्डर राहतो. बल्ब आज पेटतो, पण पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक तो परत घेऊन येतं. बदलून दिला की नफा गेला, आणि नावही खराब झालं.

काळी का पडते?
तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन लागला की वर ऑक्साइडचा थर बसतो. या थरातून उष्णता नीट जात नाही आणि त्याला सोल्डर चिकटत नाही. बिटवर सोल्डरचा पातळ थर असेल, तर हवा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. यालाच टिनिंग म्हणतात.

रोजची सवय
१. आयर्न तापलं की लगेच टोकाला सोल्डर वायर लावा. टोक चकचकीत दिसलं पाहिजे.
२. काम करताना पितळी जाळीत किंवा ओल्या स्पंजवर पुसा. स्पंज पिळून घ्या, पाणी गळायला नको.
३. तापमान सेट करता येत असेल, तर ६०/४० सोल्डरला साधारण ३२० ते ३५० अंश पुरे.
४. चहाला उठलात तर आयर्न बंद करा.
५. सगळ्यात महत्त्वाचं: बंद करण्याआधी बिट पुसू नका. उलट भरपूर सोल्डर लावा आणि तशीच थंड होऊ द्या.

काळी पडलीच तर?
आधी बिट ओळखा. साधी तांब्याची असेल, तर थंड असताना कानशीने घासा आणि तापताना लगेच टिनिंग करा. लोखंडी मुलामा असलेल्या बिटला मात्र कानस किंवा पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. मुलामा पातळ असतो. तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं आणि टोकाला खड्डा पडतो. अशी बिट गरम असताना फ्लक्सवाली वायर लावा, जाळीत पुसा, पुन्हा लावा. चार-पाच वेळा केलं की बहुतेक वेळा टोक उजळतं.

आणि हो, सोल्डरमध्ये शिसं असतं. हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नका.

आज आयर्न बंद करताना पाचवी गोष्ट नक्की करा. उद्या सकाळी पहिल्याच जोडाला फरक कळेल. भेटूया पुढच्या व्हिडिओत!