तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर

जेवताना गाल दाताखाली येतो, रक्त निघते, दोन दिवस तिखट सोसवत नाही. आठवडाभरात मात्र ती जागा पहिल्यासारखी होते. औषध लावले नाही तरी होते. ही दुरुस्ती पेशी करतात. विठ्ठलवाडीच्या आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी मिश्रीची डबी दिसते, म्हणून या वेळी आम्ही पेशींविषयी लिहीत आहोत.

भिंत विटांची, तसे शरीर पेशींचे. पण वीट दुसरी वीट घडवत नाही, पेशी पेशीला घडवते. आईच्या पोटात आपण एका पेशीपासून सुरू होतो. एकीच्या दोन, दोनांच्या चार असे होत मोठ्या माणसाच्या शरीरात 30 लाख कोटींच्या आसपास पेशी होतात.

पेशी आधी अन्न घेऊन वाढते. मग आपल्या 46 गुणसूत्रांची नक्कल करते. गुणसूत्रे म्हणजे शरीर कसे चालवायचे हे लिहिलेली वही समजा. नकलेत चूक झाली तर ती बहुतेक वेळा जागीच दुरुस्त होते. फारच बिघडलेली पेशी सहसा स्वतः मरून जाते. त्यानंतर दोन्ही प्रती दोन टोकांना ओढल्या जातात, पेशी मध्ये आवळते आणि एकीच्या दोन होतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला या कामाला साधारण एक दिवस लागतो. मेंदूतल्या बहुतेक पेशी मात्र मोठेपणी विभागत नाहीत.

जखम भरली की विभाजन थांबते. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच. कुठे थांबायचे हेही त्या वहीतच लिहिलेले असते. तंबाखूतली विषारी द्रव्ये वर्षानुवर्षे वहीची पाने खराब करतात. थांबण्याचे पान गेले की पेशी विभागतच राहते, आणि तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच. त्यालाच कर्करोग म्हणतात. मिश्री भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे, तिने दात मजबूत होत नाहीत. "आजीने जन्मभर लावली, तिला कुठे काय झाले?" असे आयाबाया विचारतात. रुळावरून चालणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही, म्हणून रूळ ही चालायची वाट होत नाही.

1917 साली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. त्याआधी त्यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते. त्याच प्रयोगशाळेत 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. ती तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई. त्याच वर्षी 31 व्या वर्षी ती गेली. तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही विभागत आहेत. त्या वापरण्याबद्दल तिला कोणी विचारले नव्हते, आणि घरच्यांना वीसहून अधिक वर्षे पत्ताही नव्हता. गरिबाचे शरीर विचारल्यावाचून वापरले जाते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. म्हणून डॉक्टरांनी तोंडातला छोटा तुकडा तपासायला घ्यायचे म्हटले तर घाबरू नका, पण कशासाठी, त्यातून काय कळेल आणि अहवाल कधी मिळेल हे जरूर विचारा. पेशी कशा दिसतात हे त्या तुकड्यावरूनच कळते.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, मानेत गाठ: यातले काहीही असेल तर दाखवून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आपल्याला जवळ आहे. पुढच्या उपचारांसाठी परळचे टाटा रुग्णालय. मिश्री किती वर्षे लावता, दिवसातून किती वेळा, हे डॉक्टरांना खरे सांगा. सासूबाई किंवा सून सोबत असेल आणि संकोच वाटत असेल, तर त्यांना जरा बाहेर बसायला सांगा.