थ्री-वे फिरवण्याआधी

अगं, परवा मी तुला सगळ्यांसमोर 'थांब' म्हणून ओरडले, त्याचं तुला लागलं, ते दिसलं मला. डबासुद्धा वेगळा बसून खाल्लास. म्हणून आज चहा घे आणि पाच मिनिटं बस इथे.

तू रक्ताच्या नमुन्यासाठी ज्या लाईनचा थ्री-वे फिरवत होतीस, तिच्यावर ॲड्रिनलिन चालू होतं. ते मिनिटभर जरी थांबलं तरी अशा पोराचं बीपी कोसळतं. आणि नमुना झाल्यावर सवयीने फ्लश दिला असतास, तर नळीत साठलेलं औषध एका दमात आत गेलं असतं. ॲड्रिनलिनसारख्या इनोट्रोपच्या लाईनला नमुन्यासाठी हात लावायचाच नाही. डॉक्टरांनी घाई केली तरी नाही. दुसरी लाईन नसेल तर तसं तोंडाने सांगायचं.

आता माझी चूक ऐक. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. रात्रपाळी, चार किलोचं बाळ, पायाला पिवळी इंट्राकॅथ, तिच्यातून १० टक्के डेक्स्ट्रोज. हातापायाच्या शिरा टोचून टोचून संपलेल्या. दोन वाजता रेसिडेंट म्हणाला, सिस्टर, आहे त्या लाईनमधूनच घ्या. मी ड्रिप बंद केली आणि लगेच ओढलं. थोडं टाकून दिलं होतं, म्हणजे पुरेसं टाकलं अशी माझी समजूत. तासाभराने लॅबचा फोन, शुगर ५८०. रेसिडेंट इन्शुलिनचा डोस मांडायला बसला. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. बाळाकडे पाहिलं, लंगोट चाचपला, शू नेहमीएवढीच. मला एकच विचारलं, "कुठून घेतलंस?" मग टाचेला टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलं, तर ९२. बाळाला काही झालं नाही. पण त्या रात्रीनंतर मी आकडेमोड शिकले.

तूही करून बघ. १० टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम साखर. लॅबच्या भाषेत १०,००० मिलिग्रॅम. आता २ मिलीच्या नमुन्यात त्यातलं ०.१ मिली जरी मिसळलं, तरी शुगर ५०० ने वाढून येते. ०.१ मिली म्हणजे मायक्रोड्रिपचे सहा थेंब! सहा थेंबांनी निरोगी साखरेचं बाळ कागदावर डायबेटिक होतं.

साखर निदान ओरडून सांगते. घात होतो तो गुपचूप पातळ झालेल्या नमुन्याने. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूची पोरं येतात, त्यांचं हिमॅटोक्रिट चार-सहा तासांनी पाहावं लागतं. खरं ४८ असताना पाचवा हिस्सा सलाईन मिसळलं, तर ३८-३९ दिसतं. पोर गळून पडलंय आणि हिमॅटोक्रिट खाली आलंय, म्हटल्यावर डॉक्टरांना पहिली शंका येते ती आत कुठेतरी रक्तस्राव होत असल्याची. रक्ताची पिशवी मागवली जाते. आणि त्या पोराला हवं असतं ते सलाईन. बघ, एका आळशी नमुन्याने उपचार कुठल्या दिशेला गेला.

म्हणून मी काय करते, सांगते. थ्री-वेला हात लावण्याआधी वर बाटली बघते. आत काय चाललंय, पोटॅशियम घातलंय का, अँटिबायोटिक नुकतंच गेलंय का. ज्या लाईनमधून औषध दिलं तिच्यातूनच त्या औषधाची पातळी तपासायला घेतली, तर ती फुगूनच येणार. हेपरिनचा फ्लश असलेल्या लाईनमधून घेतलेल्या एपीटीटीवर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीवर, मी विश्वास ठेवत नाही. मग हब स्पिरिटने घासायचं, १५ सेकंद, नुसतं पुसायचं नाही. ड्रिप थांबवून घड्याळ लावून दोन मिनिटं. मग लाईनमध्ये मावतं त्याच्या तिप्पट आधी ओढून टाकायचं आणि त्यानंतर नमुना. सिरिंज लहान, दांडा हळू. पिवळी इंट्राकॅथ अरुंद असते, जोर लावलास की लाल पेशी फुटतात, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि रिपोर्ट बघून सगळ्यांची पळापळ. शेवटी फ्लश, तोही हळू. बुडबुडा दिसला तर आधी तो काढ, हृदयाला भोक असलेल्या पोरात तो थेट मेंदूकडे जाऊ शकतो. आणि ड्रिप पुन्हा सुरू कर! हसू नकोस, विसरलेल्या मी पाहिल्या आहेत.

कल्चर मात्र जुन्या इंट्राकॅथमधून घेऊ नकोस. तिच्या तोंडाशी बसलेले जंतू वाढतात आणि पोराला नाहक वरचं अँटिबायोटिक लागतं. बल्बांचंही तसंच. जांभळ्या बल्बात जास्त झालं म्हणून त्यातलं साध्या बल्बात ओतायचं नाही. त्यात पोटॅशियमचंच मीठ असतं, पोटॅशियम आभाळाला भिडतं आणि कॅल्शियम तळाला जातं. तरी कोणी ना कोणी हे करतंच.

आता टाकून दिलेल्या रक्ताचं. चार किलोच्या बाळाच्या अंगात किलोमागे ८० मिली धरलं तर ३२० मिली रक्त, फार तर दीड फुलपात्र. दिवसात पाच नमुने, प्रत्येकी २ मिली, आणि दर वेळी २ मिली टाकलेलं, झाले २०. मोठ्या बाईच्या मापात ते पाव लिटरहून जास्त. शिबिरात आपलं ३५० घेतात आणि पुढचे चार महिने पुन्हा देऊ देत नाहीत. इथे दोन दिवसांत तेवढ्याहून जास्त जातं, मग आपणच हिमोग्लोबिन कमी झालं म्हणून पिशवी मागवतो.

एका आईने मला विचारलं होतं, "सिस्टर, एवढं काढताय, पोरात उरंल का?" मी तिला उडवून लावलं होतं, "अहो मावशी, थेंबभर तर घेतो." ती दाराबाहेर बसून सिरिंजा मोजत होती. तिचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता, आणि तिची माफी मागायचं राहूनच गेलं.

सेंट्रल लाईनला म्हणून मला ती रीत आवडते. सिरिंज न काढता रक्त ओढायचं, परत ढकलायचं, तीन ते पाच वेळा, मग सिरिंज बदलून नमुना. टाकायला काही उरतच नाही. पण आपल्या वॉर्डाच्या प्रोटोकॉलमध्ये बसेल तेव्हाच, आणि पहिल्यांदा माझ्यासमोर. आणि सकाळच्या राऊंडला तोंड उघडत जा. तीन तपासण्या तीन वेगळ्या वेळी लिहिल्या असतील तर विचार, "सर, एकदमच घेऊ का?" बहुतेक वेळा हो म्हणतात, त्यांच्या ध्यानातच आलेलं नसतं.

आज रात्री तिसऱ्या खाटेच्या चार्टवर शू-सलाईनच्या खाली एक रकाना आख. किती मिली घेतलं, किती टाकलं, आणि कुठल्या लाईनमधून. लॅबच्या फॉर्मवरही लाईनचं नाव लिही. सकाळी ड्युटीवर आले की आधी तोच रकाना बघणार आहे मी.