विजेशिवायची रात्र: ऑन्टॅरिओत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी टॉर्च आणि चार्जिंग

इथे वीज रोज जात नाही, त्यामुळे नव्या कुटुंबाच्या सामानात टॉर्च बहुधा नसतोच. पण जाते तेव्हा चांगलीच जाते. 14 ऑगस्ट 2003 ला दुपारी चारच्या सुमारास गेलेली वीज अनेक भागांत दुसऱ्या दिवसापर्यंत आली नव्हती. डिसेंबर 2013 मध्ये फांद्यांवर आणि तारांवर बर्फाचा थर चढला, झाडं कोसळली आणि टोरोंटोत सुमारे 3 लाख ग्राहकांची वीज गेली. काहींचा नाताळ गारठलेल्या घरातच गेला. 21 मे 2022 च्या वादळाचीही तीच कथा. प्रत्येक घराने 72 तास स्वतःच्या बळावर निभावण्याची तयारी ठेवावी, असं सरकारच सांगतं. फोनच्या दिव्यावर विसंबू नका. फोनची चार्जिंग बातम्यांसाठी आणि भारतात आई-बाबांना खुशाली कळवण्यासाठी राखून ठेवायची असते.

आमच्याकडे आलेली टिपणं पुढे दिली आहेत. सेल आणि चार्जिंगवर भरभरून आलं, जनरेटरवर कुणीच लिहिलं नाही.

मिसिसागा, इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातले एक गृहस्थ

एकच टॉर्च घ्यायचा तर असा घ्या: 18650 सेलवर चालणारा, टॉर्चमध्येच यूएसबी-सी चार्जिंग असलेला, सेल बाहेर काढता येणारा. 25 ते 40 डॉलरमध्ये चांगला मिळतो. सोफर्न, वुर्कोस या कंपन्यांचे बरेच टॉर्च या किमतीत बसतात. त्याहून महाग घ्यायची घरगुती वापरासाठी गरज नाही.

18650 म्हणजे 18 मिलिमीटर व्यास आणि 65 मिलिमीटर लांबी. या आकारातल्या बहुतेक सेलची क्षमता साधारण 3500 एमएएचपर्यंतच असते. सेलवर 9900 छापलेलं दिसलं तर तो खोटा समजा आणि त्या दुकानदाराकडून दुसरंही काही घेऊ नका. खरा सेल हातात जड लागतो, 45 ते 50 ग्रॅम भरतो. खोटा बरेचदा हलका असतो.

लुमेनच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर एएनएसआय एफएल-1 लिहिलेलं आहे का पाहा. या मापनपद्धतीत प्रकाश सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ "रनटाइम" म्हणून धरतात, म्हणजे चार तास लिहिलं असलं तरी चारही तास तेवढाच उजेड मिळणार नाही. मोठा आकडा टॉर्च तापेपर्यंतच टिकतो. घरात 100 लुमेन पुष्कळ झाले: टॉर्च उभा ठेवून छताकडे रोखला की परतलेल्या उजेडात खोलीभर दिसतं. कमी उजेडाची पातळी रात्रभर चालते का, हे आधी बघा.

आणखी एक खोच. काही स्वस्त टॉर्च फक्त जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलनेच चार्ज होतात. लॅपटॉपच्या दोन्हीकडून सी असलेल्या केबलने काहीच होत नाही, कारण आत दोन छोटे रेझिस्टर घालायचे वाचवलेले असतात. टॉर्च बिघडलेला नसतो. सोबत आलेली केबल टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवा.

लिथियमची भीती वाटत असेल, घरात आजी-आजोबा असतील, तर एए सेलचा साधा टॉर्च आणि निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. 2005 मध्ये आलेल्या एनेलूपसारखे सेल कपाटात वर्षभर पडून राहिले तरी बरीचशी चार्जिंग टिकवून ठेवतात. प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा चार्जर घ्या. साधे अल्कलाइन सेल त्यात कधीही घालू नका. आणि 14500 नावाचा लिथियम सेल दिसायला अगदी एएसारखाच असतो, पण त्याचा दाब 1.2 नव्हे, 3.7 व्होल्ट. तो भिंतीवरच्या घड्याळात किंवा मुलांच्या खेळण्यात गेला तर ते जळेल.

आता चार्जिंग. फरशीवर किंवा ओट्याच्या टाइलवर करा, गादीवर, सोफ्यावर नाही. दाराकडे जायच्या वाटेवर नाही. झोपण्याआधी काढा. भिंतीत खोचायच्या अडॅप्टरवर सीएसए, सीयूएल किंवा सीईटीएलची खूण हवी. नुसती सीई इथे चालत नाही.

गाडीत किंवा गॅरेजमध्ये गारठलेला टॉर्च आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. शून्याखाली लिथियम सेल चार्ज केला तर आत धातूचा थर साचतो, सेल कायमचा खराब होतो आणि पुढे धोकादायक ठरतो. आधी दोन तास घरात राहू द्या. वापरायला मात्र हरकत नाही. थंडीत उजेड कमी मिळेल, इतकंच.

सेलचं प्लास्टिकचं वेष्टन फाटलं, सेल फुगला किंवा चेपला तर तो बाद. केराच्या डब्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि महापालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर किंवा दुकानांतल्या जुन्या सेलच्या पेटीत द्या. फुगलेला असेल तर केंद्रावरच न्या. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात ठेवायचा नाही, प्लास्टिकची डबी वापरा. पिशवीत टॉर्च आपोआप लागू नये म्हणून मागची टोपी पाव फेरा सैल करा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं मागेपुढे करता, त्या दिवशी टॉर्चही तपासा.

ब्रॅम्प्टन, एक गृहिणी

वरचं खुणेचं कलम कुणी वाचून सोडून देऊ नये म्हणून लिहिते आहे. आम्ही ऑनलाइन मागवलेला दोन सेलचा चार्जर ओट्यावर लावला होता. वास आला, कड वितळून पिवळी झाली, अलार्म वाजला, अग्निशमन दल आलं. कुणाला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण खरा त्रास पुढेच सुरू झाला. घर भाड्याचं. मालक म्हणाले विम्याशी बोला. विमा कंपनी म्हणाली आधी इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आणा. व्यवस्थापन म्हणालं पत्र फक्त मालकाला देतो. प्रत्येक फोनवर नवा माणूस, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं. फॉर्म परत आला, कारण फ्लॅटचा क्रमांक पत्त्याच्या ओळीत होता, वेगळ्या रकान्यात नव्हता. मग विचारलं, चार्जरवर कॅनडातली मान्यतेची खूण होती का? नव्हती. ऑन्टॅरिओत भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती असावीच लागते. पण मग अशी वस्तू विकणाऱ्याला कुणी का विचारत नाही? तो मोकळा, आणि डोळ्यांत पाणी आमच्या. मला आजही याचा संताप येतो.

भाड्याने राहणाऱ्यांनी स्वतःचा विमा घ्यावाच. पावत्या ईमेलमध्ये जपून ठेवाव्यात, नव्या चार्जरच्या खुणेचा फोटो काढून ठेवावा. जळलेली वस्तू फेकू नये, थंड झाल्यावर बाहेर पत्र्याच्या डब्यात ठेवावी. आणि सेलने पेट घेतलाच तर सामान वाचवत बसू नका. मुलांना घेऊन बाहेर पडा आणि 911 लावा.

स्कारबरो, एक आजी

सगळे व्होल्ट आणि लुमेनवर लिहितात. मी मुलांबद्दल लिहिते. वीज गेली की इथली मुलं कावरीबावरी होतात, टॅबलेट बंद पडला की रडतात. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये घरचे सगळे ओसरीवर यायचे, पाढे व्हायचे, भुताच्या गोष्टी व्हायच्या. ती वेळ पुन्हा आणायची संधी वर्षातून एखाददा मिळते, ती वाया घालवू नका. टॉर्च छताकडे रोखा, सगळ्यांना एका खोलीत बसवा, शुभंकरोती म्हणवून घ्या, भेंड्या लावा. मराठी घरात बोलली गेली तरच टिकेल, शनिवारच्या शाळेने एकटीने ती टिकणार नाही.

देवापुढे समई लावता ती लावा, पण समोर बसून. अंधारात तेवती ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. इथली घरं लाकडाची, परकर-ओढण्या सिंथेटिक. रात्रभराच्या उजेडासाठी टॉर्चच. कोजागिरीला अंगणात दूध आटवता, तेव्हाही तोच उपयोगी पडतो.

वॉटर्लू, शिकायला आलेला मुलगा

भारतातून येताना सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकं झाकलेली हवीत. एक 18650 सेल 13 वॉट-तासांच्या आसपास असतो, विमानप्रवासाच्या 100 वॉट-तासांच्या मर्यादेत सहज बसतो.

मागून दोन पिना बाहेर येणारा, भिंतीत खोचायचा घरचा टॉर्च आणू नका. त्यातल्या बऱ्याच टॉर्चमध्ये शिशाची बॅटरी आणि 230 व्होल्टसाठी बेतलेलं साधं सर्किट असतं. इथल्या 120 व्होल्टवर पिनेचा अडॅप्टर लावूनही तो बहुधा अर्धवटच भरतो, आणि अर्धवट भरलेली शिशाची बॅटरी काही महिन्यांत मरते. ते पैसे इथेच खर्च करा.