टर्मिनलवरून अपडेट करण्याआधी: कृष्णाकाठचे अनुभवाचे बोल

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला घेऊन सांगलीत येते. तिची पातळी, खोऱ्यातला पाऊस आणि कोयना परिसरातले भूकंप यांच्या नोंदींवर काम करणाऱ्या आम्हा मंडळींची सारी भिस्त क्यूजीआयएस, जीडीएएल, पायथन आणि आर या मुक्त सॉफ्टवेअरवर आहे. टर्मिनलवर दोन ओळी टाईप केल्या की ती अपडेट होतात. पण कालपर्यंत मिळणारं उत्तर उद्याही मिळेल याची हमी कुणी देत नाही, ती खात्री आपल्यालाच करून घ्यावी लागते.

1. आधी नोंद, मग अपडेट. ‘कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट’ किंवा ‘पिप फ्रीझ’ ही कमांड चालवून सगळ्या पॅकेजांची व्हर्जन एका फाईलमध्ये उतरवून घ्या, फाईलच्या नावात तारीख घाला. आरमध्ये लोड झालेल्या पॅकेजांची व्हर्जन ‘सेशन इन्फो’ दाखवतं. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमधला आकडा दोन वर्षांनी पुन्हा काढायची वेळ येते तेव्हा हीच फाईल उपयोगी पडते.

2. ‘ॲप्ट अपडेट’ फक्त यादी ताजी करतं, खरे बदल ‘ॲप्ट अपग्रेड’ करतं. मधल्या वेळात यादी वाचून घ्या. ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ करताना काही पॅकेजेस रिमूव्ह होणार असल्याची ओळ दिसली, तर ‘वाय’ दाबू नका.

3. उबंटूच्या स्वतःच्या पायथनला हात लावू नका. उबंटू 24.04 वर तर पिपच तसं करायला नकार देतं, आणि ते योग्यच आहे. पुराच्या नकाशांसाठी एक एन्व्हायर्न्मेंट, भूकंपाच्या नोंदींसाठी दुसरं, असं वेगळं ठेवा. नवीन व्हर्जन हवं असेल तर नवं एन्व्हायर्न्मेंट तयार करा, जुनं तसंच राहू द्या. जून 2024 मध्ये न्यूमपाय 2.0 आलं तेव्हा 1.x साठी कंपाईल केलेली कित्येक पॅकेजेस इम्पोर्टच होईनात. जुनं एन्व्हायर्न्मेंट शाबूत असलेल्यांचं काम मात्र अडलं नाही.

4. एरर देणारं अपडेट परवडलं. गुपचूप उत्तर बदलणाऱ्या अपडेटची मात्र मला खरी धास्ती वाटते. साताऱ्याहून पर्जन्यमापकांच्या जागांची फाईल आली होती. स्क्रिप्ट जुनीच, जीडीएएल नवं. एररचा पत्ता नाही, पण नकाशावर महाबळेश्वर नाही, नवजा नाही, कोयनानगरही नाही. झूम आउट करत गेलो, तेव्हा सगळे ठिपके नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडले!

कारण साधं आहे. मे 2019 मध्ये आलेल्या जीडीएएल 3.0 पासून नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीत आधी अक्षांश, मग रेखांश असा क्रम धरला जातो. जुन्या स्क्रिप्ट रेखांश आधी देतात. सांगलीचा अक्षांश साधारण 16.85, रेखांश 74.57. उलटापालट झाली की अक्षांश 74.57 होतो, आणि तो 90 च्या आत असल्यामुळे सॉफ्टवेअरला त्यात काही वावगं दिसत नाही. गुवाहाटीचा रेखांश 91 च्या पुढे आहे, त्यामुळे तिथल्या माणसाला ही चूक लगेच कळू शकते. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर सगळंच 73 ते 75 च्या आसपास, म्हणून आपण जास्त जपायला हवं. स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर’ ही सेटिंग स्पष्ट लिहिली की प्रश्न मिटतो.

5. म्हणून ज्यांची उत्तरं पक्की माहीत आहेत असे नमुने हाताशी ठेवा आणि प्रत्येक अपडेटनंतर आधी तेच चालवा. पहिला नमुना सांगलीच्या आयर्विन पुलाचा: तो नकाशावर कृष्णेवरच पडला पाहिजे. दुसरा ऑगस्ट 2019 च्या पुराचा: या पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, आणि तेव्हा पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. फुटांचे मीटर करताना काही बिघडलं तर ते इथे दिसतं. तिसरा कोयनेच्या भूकंपाचा. तो आपल्याकडे 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी झाला, तर जागतिक वेळेनुसार तेव्हा 10 डिसेंबरच्या रात्रीचे 10 वाजून 51 मिनिटं झाली होती. वेळेचं पॅकेज बदललं की ही तारीख आधी तपासा. या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी बहुतेक लॅबमध्ये ती होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

6. लाईटचा भरवसा धरू नका. मशीन यूपीएसवर असू द्या. दूरच्या सर्व्हरवर काम करत असाल तर आधी ‘टीमक्स’ सुरू करा, म्हणजे नेट गेलं तरी अपग्रेड आत चालूच राहतं. मध्येच मशीन बंद पडलंच, तर घाबरून सगळं नव्याने टाकू नका. ‘डीपीकेजी कॉन्फिगर ऑल’ या अर्थाची कमांड आहे, अर्धवट राहिलेलं बहुतेक वेळा तिनेच मार्गी लागतं.

7. जून ते सप्टेंबर अपडेट नको. कोयना धरणातून विसर्ग सुरू झाला की सांगलीत पाणी कधी आणि किती चढेल, हे विचारणारे फोन सुरू होतात. त्या दिवसांत चालू यंत्रणेशी छेडछाड करू नये. ज्यांच्याकडे अशी कामं आहेत त्यांनी मे संपायच्या आत अपडेट उरकावं, आणि आपल्या चाचणीच्या नमुन्यांची फाईल शेजारच्या कॉलेजलाही द्यावी, ही कळकळीची विनंती.