लिबरेटरच्या संदर्भांवर किती खर्च करावा?

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं मॉडेल करायला घेतलं की किटच्या डब्यापाठोपाठ संदर्भांची खरेदी सुरू होते. एक पुस्तक, मग दुसरं, मग प्लॅन. हा खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर विमान आधी ठरवा आणि पैसे नंतर काढा. विमान ठरवायचं म्हणजे ‘बी-२४ लिबरेटर’ एवढंच ठरवून भागत नाही. अमुक सिरीयल नंबरचं, अमुक स्क्वाड्रनचं, अमुक महिन्यातलं, असं एकच विमान नक्की करायचं.

लिबरेटरची अठरा हजारांहून जास्त विमानं पाच कारखान्यांत तयार झाली. ‘डी’ प्रकाराला पुढे काचेचं नाक होतं. ‘एच’पासून तिथे मशीनगनचा टरेट आला आणि तोही सगळीकडे एकसारखा नव्हता. चुकीच्या प्रकारावरचं महागडं पुस्तक घेतलंत, तर ते कपाटात पडून राहील.

सुरुवात फुकटातून करा. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने युद्धकाळातल्या हवाई दलाच्या छायाचित्रांचा मोठा साठा स्कॅन करून खुला केला आहे. सरकारी छायाचित्रं असल्यामुळे त्यांवर सहसा स्वामित्वहक्काचं बंधन नसतं. वैमानिकांसाठी छापलेल्या लिबरेटरच्या मूळ पुस्तिकांचे स्कॅनही मोफत मिळतात. कॉकपिटमधले दिवे, तरफा, मीटर यांसाठी त्यांच्याइतका भरवशाचा आधार नाही. इंग्लंडमधून उडणाऱ्या अमेरिकी विमानांसाठी अमेरिकन एअर म्युझियमच्या डिजिटल संग्रहातलं रॉजर फ्रीमन यांचं छायाचित्र-भांडार बघा, तेही मोफत आहे. हे सगळं नीट चाळायला दोन-तीन रविवार लागतील, ते खुशाल द्या.

खर्चाचा पुढचा टप्पा पुस्तकांचा. ऑस्प्रे प्रकाशनाच्या एखाद्या नव्या पुस्तकाला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. त्यात रंगीत पार्श्वचित्रं चांगली असतात, पण चाकांच्या खोबणीसारखे तपशील त्यात शोधू नका. स्क्वाड्रन-सिग्नलच्या जुन्या पातळ पुस्तिका, ॲलन ब्लू यांचा चित्रमय इतिहास किंवा स्टीव्ह बर्डसॉल यांचं १९७३चं पुस्तक जुन्या बाजारात मिळतं. परदेशातून मागवताना मात्र टपालखर्च आधी बघा. तो अनेकदा पुस्तकाच्या किमतीला गाठतो, कधी ओलांडतोही. म्हणून मागवायचीच तर दोन-तीन मित्रांनी मिळून एका पार्सलात मागवावीत.

कराच्या बाबतीत पुस्तकं किटपेक्षा सोपी. आयात केलेल्या छापील पुस्तकांवर २०१९च्या अर्थसंकल्पात ५ टक्के सीमाशुल्क लागलं आणि छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. खेळण्यांवरचं सीमाशुल्क मात्र २०२०मध्ये २०वरून ६० टक्के आणि २०२३मध्ये ७० टक्के झालं. स्केल मॉडेलही त्याच शीर्षाखाली मोडतात. त्यामुळे चुकीचं किट घेणं हे चुकीच्या पुस्तकापेक्षा कितीतरी महागात पडतं. आधी संदर्भ आणि नंतर किट, हा क्रम खिशाच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

प्लॅन छापून घेताना मापाचा हिशेब करा. लिबरेटरच्या पंखांचा विस्तार ११० फूट, म्हणजे साडेतेहेतीस मीटर. १/७२ प्रमाणात तो सुमारे साडेसेहेचाळीस सेंटिमीटर होतो. ए-३ कागद ४२ सेंटिमीटरचा, म्हणजे त्यावर पंख मावत नाहीत. ए-२ आकाराची काळी-पांढरी प्रिंट घ्या. प्लॉटरच्या दुकानात ती साधारणपणे शंभर रुपयांच्या आत होते. छापल्यावर पट्टीने पंख मोजल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण यंत्र पुष्कळदा चित्र आपोआप लहान करतं. १/४८चं मॉडेल ७० सेंटिमीटरचं आणि १/३२चं मीटरभराहून मोठं होतं. तेवढं कपाट घरात आहे का, हाही खर्चाचाच भाग.

आता संग्रहालयातल्या विमानांविषयी. कानपूरला सोडून दिलेली लिबरेटर विमानं बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८पर्यंत वापरली. पुण्याच्या तळावरूनही ती उडत होती. जगात आज शिल्लक असलेल्या लिबरेटरपैकी बरीच याच ताफ्यातली आहेत. लंडनच्या आरएएफ म्युझियममधलं ‘केएन ७५१’ भारताने १९७४मध्ये भेट दिलेलं आहे. ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयातलं आणि ओटावातलं विमानही आपल्याकडूनच गेलं. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात उभं आहे.

पण सावध राहा. यांतल्या अनेकांवरचा आजचा रंग मूळचा नाही. अमेरिकेतल्या कॉलिंग्स फाउंडेशनच्या लिबरेटरवर आजवर ‘ऑल अमेरिकन’, ‘ड्रॅगन अँड हिज टेल’ आणि ‘विचक्राफ्ट’ अशी तीन वेगवेगळ्या विमानांची सजावट झाली. त्याची स्वतःची नोकरी मात्र ब्रिटिश आणि भारतीय हवाई दलात झाली होती. अशा विमानाचे फोटो यंत्रभागांसाठी वापरा. रंग आणि चिन्हांसाठी युद्धकाळातलाच फोटो हवा. आग्नेय आशियातल्या ब्रिटिश विमानांच्या वर्तुळात लाल रंग नसे, कारण जपानी चिन्हाशी गल्लत व्हायची. भारतीय विमानावर १९५०च्या आधी चक्र होतं, नंतर तिरंगी वर्तुळ आलं. डिकलवर सातशे-हजार रुपये घालण्याआधी ही तारीख पक्की करा.

लंडनच्या आरएएफ म्युझियमला आणि अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयाला प्रवेश मोफत आहे. भाऊ, भाची, मित्र तिकडे असेल तर त्यांना नेमकी यादी पाठवा: दुकानाच्या शटरसारखे वर गुंडाळले जाणारे बॉम्बकक्षाचे दरवाजे, चाकांच्या खोबणी, इंजिनाच्या दोन्ही बाजू, शेपटीचा टरेट. प्रत्येक फोटोत मोजपट्टीच्या जागी एखादी माणसाची आकृती येऊ द्या.

पहिल्या लिबरेटरसाठी माझा सल्ला असा: मोफत छायाचित्रं, एक प्लॅन आणि तुमच्या नेमक्या प्रकारावरचं एकच पुस्तक. अडीच हजारांत काम होतं. त्यापुढचा रुपया हे मॉडेल पूर्ण झाल्यावरच काढा.