औंढ्याचा नंदी काढताना

रेखाटनाची वही आणि पेन्सिल घ्या. आज आपला गट हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला निघालाय. पोचल्यावर लगेच काढायला बसू नका. आधी देवळाला एक फेरी मारा. खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा आहे. शिखर नंतरच्या काळातलं, म्हणून वेगळं दिसतं. आता नंदी शोधा. समोर नाही ना? तो देवळाच्या मागे आहे! संत नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, अशी आख्यायिका सांगतात. घरी बसून आठवणीनं चित्र काढलं असतं, तर आपण नंदी समोरच बसवला असता. म्हणून आधी बघा, मग काढा. रेघ चुकली तर खोडू नका. शेजारी दुसरी ओढा. आपलं कुठं चुकलं, ते वहीत दिसत राहील.