विस्कळीत शब्दगटांतून इंग्रजी वाक्यरचना

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शब्दगट उलटसुलट छापून त्यांतून शुद्ध वाक्य तयार करावयास सांगणारा प्रश्न वारंवार आढळतो. दोनचार गुणांचा म्हणून तो किरकोळ समजला जातो. परंतु इंग्रजीची घडण विद्यार्थ्याला कितपत उमगली आहे, हे त्यातून फार लवकर कळते. आमचा विषय वस्तुतः इतिहास. तथापि निवासी शाळेत सायंकाळच्या अभ्यासिकेला बसणाऱ्या शिक्षकापुढे सर्वच विषयांच्या वह्या येतात.

'टू स्कूल / एव्हरी डे / माय सिस्टर / वॉक्स' हे गट दिले असता कित्येक मुले 'माय सिस्टर एव्हरी डे टू स्कूल वॉक्स' असे लिहितात. आम्ही पूर्वी अशा उत्तरावर लाल फुली मारून 'अभ्यास करीत नाही' असा शेरा देत असू. तो शेरा अन्यायाचा होता. 'माझी बहीण दररोज शाळेला चालत जाते' हाच त्या उत्तरातील क्रम आहे. मुलाने विचार केला होता, तो आपल्या भाषेत केला होता. यंत्रमागांच्या या भिवंडीत घरोघरी मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू बोलली जाते आणि या चारही भाषांत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. आमच्या प्रातःकालीन वंदनेतील पाली वाक्यातही 'गच्छामि' शेवटीच आहे. कर्त्यामागोमाग क्रियापद येणारी भाषा या मुलांच्या कानांवर घरी पडतच नाही.

मराठीत शब्दाचे नाते प्रत्यय सांगतो. 'शिक्षकांनी विद्यार्थ्याला शोधले' यातील पहिल्या दोन शब्दांची अदलाबदल केली तरी शोधणारा शिक्षकच राहतो. इंग्रजीत 'द टीचर फाउंड द स्टुडंट' यातील जागा बदलल्या की शोधणारा विद्यार्थी होतो. तेथे प्रत्ययाचे काम जागा करते. संबंध दाखवितानाही क्रम उलटतो. बाबासाहेबांच्या 1923 सालच्या ग्रंथाचे नाव 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. मराठीत आपण 'रुपयाचा प्रश्न' म्हणतो. 1936 सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये निर्मूलन आधी, जात नंतर. मराठीत 'जातीचे निर्मूलन'. ही दोन नावे फळ्यावर लिहिली की 'ऑफ' निराळा शिकवावा लागत नाही.

विद्यार्थ्याने प्रथम क्रियापद शोधावे, मग 'कोण?' असे विचारून कर्ता त्याच्या आधी ठेवावा, 'काय?' किंवा 'कोणाला?' याचे उत्तर नंतर ठेवावे. स्थळ व काळ बहुधा अखेरीस. ताणा लागल्याशिवाय बाणा भरता येत नाही, हे येथील मुलांना सांगावे लागत नाही. कर्ता आणि क्रियापद हा ताणा. क्रियापदाचे रूपही साक्ष देते. 'द गर्ल्स / द टीचर / थँक्स' यात 'थँक्स' हे एकवचनी रूप असल्याने कर्ता 'द टीचर' हाच. 'थँक' असते तर मुलींनी आभार मानले असते. 'थँक्ड' दिले तर दोन्ही वाक्ये शुद्ध ठरतात. म्हणून असा प्रश्न काढणाऱ्यानेच सावध असावे. प्रश्नार्थक वाक्यात मात्र 'डू' कर्त्याच्या आधी येतो: 'व्हेअर डू यू लिव्ह?'

एक पळवाट येथे नोंदविली पाहिजे. मोठ्या लिपीतील अक्षर पाहून पहिला गट आणि पूर्णविराम पाहून शेवटचा गट ठरवावा, असे आम्हीच मुलांना शिकविले होते. गुण मिळत होते. एका चाचणीत आम्ही ही दोन्ही चिन्हे काढून टाकली, तेव्हा वर्गातील हुशार म्हणविणारी मुलेही अडखळली. वाक्य कोणी वाचलेच नव्हते.

त्याच चाचणीत एका विद्यार्थिनीने 'एव्हरी डे माय सिस्टर वॉक्स टू स्कूल' असे लिहिले. आमच्या उत्तरसूचीत 'एव्हरी डे' शेवटी होते. आम्ही फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली व म्हणाली, "सर, कर्त्यानंतर क्रियापद आहे ना? मग चुकलं काय?" काळ दाखविणारा गट आरंभीही चालतो, हे आम्हाला ठाऊक होते, तपासताना आम्ही फक्त सूची पाहिली होती. वह्या पुन्हा काढल्या, तेव्हा आणखी तिघांचे हेच उत्तर चुकीचे ठरविलेले निघाले. चौघांचेही गुण आम्ही त्याच दिवशी दुरुस्त केले.